आधी भरणा, मग खरेदी

सगळं जग आधी क्रेडिट कार्ड वापरतं आणि मग त्याचं बिल भरतं. आमच्या शेजारचे सोपानतात्या आधी बिल भरतात आणि मग कार्ड वापरतात.

मी थट्टा करत नाही. खोटं वाटत असेल तर जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर किराणा दुकान आहे, तिथे कुठल्याही सकाळी येऊन उभे राहा. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा आणि खांद्यावर टॉवेल अशी एक उंच, वाळकी मूर्ती दुकानात शिरेल. साखरेचा भाव विचारेल, चहापत्तीचा विचारेल, दुकानदाराकडून बेरीज करून घेईल आणि काहीही न घेता बाहेर येऊन पायरीवर बसेल. मग खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून पुढे ओढून त्याच्या अंधारात मोबाइल धरेल, कारण सोलापूरच्या उन्हात मोबाइलमध्ये आपल्याच तोंडाशिवाय दुसरं काही दिसत नाही. टॉवेलच्या आत बराच वेळ खुडबुड चालेल. शेवटी आतून "फिटलं!" अशी आरोळी येईल, टॉवेल मागे जाईल आणि तात्या पुन्हा दुकानात शिरून मोठ्या रुबाबात कार्ड पुढे करतील.

पहिल्या दिवशी दुकानदार चक्रावला होता. मी तिथेच पोह्यांसाठी ताटकळत उभी होते.

"तात्या," तो म्हणाला, "आत्ता बँकेला धाडलेले पैसे मलाच धाडले असते तर हे कार्ड घासायचा ताप तरी वाचला असता की!"

"तुला धाडलं तर कार्ड कसं वापरलं जाईल?"

"मग नका वापरू."

"लेकीला शबुद दिलाय. वापरतो म्हनून."

"मग वापरा बिनधास्त. महिन्यानं ती भरेल बिल."

तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मी पोहे विसरले. "लेकीचं खायचं न्हाई," ते म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले.

लेकीला दिलेला शब्द मोडायचा नाही आणि लेकीचं खायचं नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये आमचे तात्या गेली काही वर्षं अडकले होते, आणि खरं सांगायचं तर मजेत अडकले होते.

तात्या मूळचे नातेपुत्याकडचे. तरुणपणी सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात माग दुरुस्त करण्यात घालवली. बायको वारली, एकुलती लेक सुवर्णा लग्न होऊन पुण्याला गेली, तिथे कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला लागली. लग्न झालेल्या मुलीच्या घरचं खाऊ-पिऊ नये हे आमच्याकडे जुनी माणसं पाळायची. आता बहुतेकांनी ते सोयीने सोडून दिलंय. मुलीच्या घरी महिना-महिना राहून वर जेवणात मीठ कमी असल्याची तक्रार करणारे बापही मी पाहिलेत. तात्यांनी मात्र सोडलं नाही. पुण्याला जाताना ते कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाण्याची कॅन घेऊन निघत. हो, पाण्याची कॅन! सुवर्णाच्या इमारतीत लिफ्टमधून कॅन नेणारा पाहुणा बघून तिथल्या लोकांनी आज पाणी येणार नाही की काय, म्हणून बादल्या भरून ठेवल्या. तिच्या गॅसवर केलेल्या चहाचे पैसे ते निघताना जावयाच्या बुटात ठेवून येत. जावईबापू गरीब स्वभावाचे. ऑफिसात पोचून पायाला काय टोचतंय म्हणून बूट काढायचे आणि नोट निघायची.

एकदा मात्र सुवर्णा बिथरली. सोलापूरला आली ती स्वतःच्या खात्यावर तात्यांच्या नावाचं जादा कार्ड काढूनच. "हे ठेवा आणि वापरा," ती म्हणाली. "नाही वापरलंत तर मी समजेन, लग्नात तुम्ही मला देऊन टाकलं आणि हात झटकले."

तात्यांनी वापरतो म्हणून शब्द देऊन कार्ड ठेवून घेतलं आणि ती गेल्यावर थेट माझ्या दारात येऊन बसले. मी हायस्कूलला गणित शिकवते, म्हणून जगातल्या सगळ्या आकड्यांची जबाबदारी माझ्यावर आहे असं त्यांना वाटतं.

"बाई, वापरायचं बी हाय आन खायचं बी न्हाई. बसवा गणित."

मी बसवलं. कार्डाच्या नंबरावर आपल्या मोबाइलवरून पैसे कसे भरायचे ते शिकवलं. बिल आलं की भरा म्हटलं.

"बिल कवा येतंय?"

"महिन्याने."

"म्हंजी म्हैनाभर मी लेकीचं खातुया?"

"बरं, रोज संध्याकाळी भरा."

"आन सकाळपास्नं संध्याकाळपतुर?"

मी कपाळाला हात लावला. आमचे हे सोफ्यावरून मदतीला धावले. त्यांच्या स्वतःच्या कार्डाचं बिल म्हणजे आमच्या घरातला न बोलण्याचा विषय. "तात्या, एवढं काय घेऊन बसलात? मिनिमम ड्यू भरायचं आणि गप बसायचं. बाकीचं पुढच्या महिन्यात."

मिनिमम ड्यू म्हणजे काय ते मी तात्यांना समजावलं. ते आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "सायेब, आमच्यात लेकीला मिनिमम देत न्हाईत." आणि आगाऊ भरण्याची ती पद्धत त्यांनी स्वतःच शोधून काढली. आमचे हे नंतर दोन दिवस पेपरातून डोकं वर काढत नव्हते. त्यांनी गुपचूप सगळी थकबाकी भरून टाकली, हा माझा फायदा.

तिकडे पुण्यात सुवर्णाला दर महिन्याला बिल यायचं आणि त्यात तात्यांच्या नावापुढे भरायचं काहीच नसायचं. बाप कार्ड वापरतोय हे दिसत होतं, भरायला मात्र काही सापडत नव्हतं. पण तीही तात्यांचीच मुलगी. तिने एक दिवस स्वतःच त्या कार्डावर मोठी रक्कम आगाऊ भरून टाकली. म्हणजे तात्या पोचायच्या आत हिचे पैसे हजर!

तात्या मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. "बाई, ह्या आकड्याच्या म्होरं ही रेघ कसली?"

"उणे आहे ते. म्हणजे तुम्ही बँकेचे देणेकरी नाही, बँकच तुमची देणेकरी आहे."

तात्यांची छाती फुगली. "बँक माझी देणेकरी!" असं म्हणून ते उठलेच. कॉलनीभर सांगत सुटले असते. पण मास्तरीण गप्प कशी बसणार? मी म्हटलं, "तात्या, हे जास्तीचे पैसे सुवर्णाने भरलेत."

ते खाली बसले. "म्हंजी तिचं पैसं माज्या पैशात मिसळलं?"

"मिसळले."

"मग आता कंचं कुनाचं, कसं वळखायचं?"

गणितात याला उत्तर नाही. तात्यांनी तडकाफडकी कार्ड बंद ठेवलं, आणि रोखीने घ्यावं तर शब्द मोडतो म्हणून चहापत्ती संपल्यावर बिनचहाचे बसून राहिले. शेवटी त्यांनीच लेकीला फोन लावला. "तुजं पैसं काडून घे. त्येंच्यापायी माजा च्या अडलाय." सुवर्णाला बँकेत फोन करून जादा रक्कम परत मागावी लागली. पलीकडची मुलगी म्हणाली म्हणे, "मॅडम, पैसे भरा म्हणून भांडायची आम्हाला सवय आहे. मीच भरणार म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच."

पैसे परत गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी तात्यांनी कॉलनीत बुंदी वाटली. बुंदीही कार्डावर घेतली होती, आधी भरणा करून.

असे ते जिंकत होते. पण मला त्यांची एक सवय खुपायची. साखर सकाळी घ्यायची, चहापत्तीसाठी पुन्हा जायचं, दुपारी बिस्किटांसाठी पुन्हा. एकदा तर ते कार्ड पुढे करून काडेपेटी घेत होते. दुकानदाराचं तोंड काडेपेटीएवढंच झालं होतं. मला राहवलं नाही. "तात्या, सगळं एकदम का नाही घेत? रोज किती वेळा टॉवेलात शिरायचं?"

ते काही बोलणार तोच त्यांचा फोन वाजला. कार्ड अजून दुकानदाराच्या हातातच होतं.

"तात्या, काय घेतलं?" पलीकडून सुवर्णाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"काडेपेटी."

"जेवलात का?"

"जेवलो की."

"काय केलं होतं?"

"पिठलं. तू जेवलीस?"

"जेवते आता. मीटिंग होती, मेसेज आला म्हणून बाहेर आले. ठेवू?"

"ठेव, ठेव. काम कर."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदम घेतलं तर फोन बी एकदाच येतो की, बाई."

कार्ड वापरलं की सुवर्णाच्या मोबाइलवर मेसेज जातो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्याचा हा उपयोग माझ्या डोक्यात आला नव्हता. दुकानदारानेही त्या दिवसापासून काडेपेटीसाठी कुरकुर केली नाही.

श्रावणात सुवर्णा पंचमीला माहेरी आली. तात्यांच्या पायातल्या चपलांना इतक्या वेळा तळ लावून झाले होते, की मूळच्या चपलेचा फक्त अंगठा उरला होता. सुवर्णाने त्यांना जबरदस्तीने नवी पेठेत नेलं आणि पंच म्हणून मलाही सोबत घेतलं. दुकानात तिने स्वतः खाली बसून त्यांच्या पायात एक तपकिरी सँडल चढवली. छान दिसत होती. तात्यांनी पाय इकडून तिकडून फिरवून बघितला, किंमत विचारली आणि अनवाणीच उठून बाहेर गेले.

"आजोबांना चक्कर आली का हो?" दुकानदाराने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बँकेत गेलेत."

सुवर्णा हसली नाही. ती उठून बाहेर गेली, तिच्यामागे मी. तात्या पायरीवर टॉवेलात होते. ती त्यांच्याशेजारी बसली आणि टॉवेलाशीच बोलायला लागली.

"तात्या, मला भाऊ असता आणि त्याने तुम्हाला चपला घेतल्या असत्या, तर तुम्ही असे बाहेर येऊन बसला असता का?"

टॉवेल हलला नाही.

"गावभर सांगितलं असतंत, पोराने घेतल्या म्हणून. मग मी काय वाईट केलं? मुलगी झाले एवढंच ना?"

रस्त्यावर रिक्षा कोकलत होत्या. मला वाटलं, आता आतून आरोळी येणार आणि ही पोरगी कायमची हरणार. मी पंच होते खरी, पण त्या वेळी मला तिनेच जिंकावं असं फार वाटत होतं. नियम, शब्द, रूढी सगळं गेलं खड्ड्यात.

टॉवेलातून एक हात बाहेर आला. त्या हाताने मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवला. मग टॉवेल खाली आला. तात्यांनी त्याने स्वतःचं तोंड खसाखसा पुसलं आणि मग त्याच टॉवेलाने, शाळेतून रडत आलेल्या पोरीचं पुसावं तसं, सुवर्णाचं.

"चल," ते म्हणाले.

आत येऊन त्यांनी कार्ड दिलं. सुवर्णाच्या पर्समध्ये मोबाइल किणकिणला.

"आला मेसेज?"

"आला."

"मग भर. बिल आलं की भर. पुरं भर, मिनिमम नगं."

"भरते, तात्या," ती म्हणाली. माझ्या शाळेत बोर्डात आलेली मुलंही इतकी खूश झालेली मी पाहिली नाहीत.

ती पुण्याला गेली. बिल यायला वेळ होता. तात्यांचा हात मोबाइलकडे सारखा जायचा आणि परत यायचा. "भरलं नसंल अजून," असं म्हणत ते आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. उपासाच्या दिवशी माणूस स्वयंपाकघरात घुटमळतं ना, तसे. पण त्यांनी धीर धरला. बिल आलं, सुवर्णाने भरलं आणि फोन करून सांगितलं. त्या दिवसापासून तात्यांना घरात ठरेना. साखर-चहापत्तीचं आगाऊ भरणं चालूच राहिलं, पण चपलांची गोष्ट वेगळी. किराणावाल्याला पाय वर करून दाखवला. भाजीवाल्या मावशीला दाखवला. सिटी बसने अक्कलकोट रोडला जाऊन कारखान्यातल्या जुन्या दोस्तांना, माग थांबवायला लावून, दाखवून आले. "लेकीनं घेतल्यात," एवढंच सांगायचे आणि समोरच्याने मान डोलावल्याशिवाय हलायचे नाहीत.

परवा आमच्याकडे आले तेव्हा ते लंगडत होते. मी बळंच सँडल काढायला लावली. टाचेवर हा एवढा फोड!

"अहो तात्या, चावतायत की या! नव्याने मोठ्या मापाच्या आणू. दुकानदार ओळखीचा झालाय, बदलून देईल."

तात्यांनी घाईघाईने पाय आत घातले आणि पट्टा घट्ट ओढला.

"चावू द्या की, बाई," ते म्हणाले. "लेकीच्या हायती."

आणि लंगडत, पण छाती काढून, पुढच्या घरी दाखवायला निघाले.