चाकूची निवड आणि संपादकांचा मृत्युलेख

पहिला चाकू कसा निवडावा, हे इतर कुणाला विचारू नका. मला विचारा! जंगलात न्यायचा चाकू म्हणतोय मी. मिटणारा नव्हे, म्यानातला, ज्याचं पातं कायम ताठ असतं तो. या विषयाचा मी एकवीस दिवस अभ्यास केला आहे, चौदा माणसांचं मत घेतलं आहे आणि त्या नादात एकदा पोलिसांना बोलावण्यापर्यंत पाळी आणली आहे. एवढा अनुभव आमच्या शहरात दुसऱ्या कुणाच्या गाठीशी असेल, असं वाटत नाही.

मी एका सायंदैनिकात उपसंपादक आहे. पहिलं पान दुपारी बाराला छपाईला सोडायचं, हे माझं काम. वीस वर्षांत बारा वाजून एक मिनिट कधी झालेलं नाही. असा काटेकोर माणूस एक चाकू निवडू शकणार नाही का?

सुरुवात सासऱ्यांच्या फोननं झाली. सासरे निवृत्त वनरक्षक. वर्षातून एकदा चार दिवस दोन्ही मुलींना घेऊन जंगलात तंबू ठोकतात. मुली हक्कानं जातात, जावयांना आमंत्रण लागतं. मला ते लग्नाला बारा वर्षं झाल्यावर आलं.

"जावईबापू, या खेपेला तुम्हीही या," ते म्हणाले. "पण चाकू स्वतःचा आणायचा. म्यानातला. आणि निवडायचा तुम्ही. माझ्या मुलीला विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"ती शेजारीच उभी आहे ना?"

"आहे."

"तिला आत पाठवा."

बायको आत गेली आणि दाराआडून ऐकत राहिली.

त्या घरची रीत अशी: पहिल्या संध्याकाळी सासरे नव्या माणसाचा चाकू हातात घेतात, मिनिटभर बघतात आणि त्यावरून त्याचं काम ठरवतात. चाकू पसंत पडला, तर लाकूड, दोर, चूल. नाही पडला, तर भांडी! आणि हा निकाल कायमचा. त्यावर अपील नाही. माझे साडू आठ वर्षांपूर्वी हातभर लांबीचा चाकू कमरेला लटकवून गेले होते. सासऱ्यांनी तो पाहिला आणि विचारलं, "लढाई कुठे आहे?" तेव्हापासून साडू, एवढे बँकेतले बडे अधिकारी, दर वर्षी चार दिवस राखेनं पातेली घासतात.

"मी ताईला छातीठोकपणे सांगितलंय," बायको म्हणाली, "माझा नवरा भांड्यांवर जाणार नाही म्हणून!"

"कशाच्या जोरावर सांगितलंस?"

"तोच विचार करतेय मी सकाळपासून."

आता मागे हटणं शक्यच नव्हतं.

आमच्या धंद्यात कुठलीही बातमी निदान दोघांकडून पडताळून घेतात. मी म्हटलं, चाकूच्या बाबतीत आपण जरा जास्तच खात्री करू. पहिला गाठला आमचा छायाचित्रकार. त्याला सगळे झूम म्हणतात.

"पाठीला करवत पाहिजे," झूम म्हणाला. "आणि मुठीत होकायंत्र!"

"होकायंत्र कशाला?"

"हरवलास तर."

"आणि करवत?"

"सापडला नाहीस तर! मुक्काम वाढला, की लाकूड लागणारच."

क्रीडावाल्यानं सांगितलं, म्यानातून चाकू निघताना आवाज होता कामा नये, पाखरं बिचकतात. छापखान्यातले फोरमन म्हणाले, पोलाद महत्त्वाचं. ग्रंथपालांनी पोलादावरची तीन जाडजूड पुस्तकं दिली. मी एक तक्ता आखला. लांबी, जाडी, वजन, पोलाद, मूठ, म्यान. तक्ता इतका देखणा झाला, की तोच म्यानात घालून न्यावासा वाटत होता!

फक्त रजा तेवढी मिळाली नव्हती.

"चार दिवस? शक्य नाही," संपादक म्हणाले.

"साहेब, बारा वर्षांनी बोलावणं आलंय."

"मग तेराव्या वर्षी जा."

मी शांतपणे जागेवर येऊन बसलो. राग आला की मी फार शांत होतो; वीस वर्षांची सवय. त्याच शांतपणानं मी चाकूच्या दुकानात फोन लावला. साहेबांची काचेची खोली माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे आणि तिचं दार सताड उघडं होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

"नमस्कार. चाकू हवा होता," मी म्हणालो. "नाही, मिटणारा नको. ऐन वेळी उघडला नाही तर पंचाईत... हो, माझी पहिलीच वेळ... आवाज न होता बाहेर निघेल ना? ... आणि हाडाला लागला तर धार जाते का? ... रक्त लगेच पुसायचं, बरं... शनिवारी संध्याकाळी काम आहे. म्हातारबुवांसमोर मला फक्त एक मिनिट मिळणार आहे... छे, आधी कसा दाखवू? एकदम समोर काढायचा!"

फोन ठेवला तेव्हा कचेरीत विलक्षण शांतता होती. मला वाटलं, वीज गेली.

पुढचं मला नंतर कळलं. आमचा गुन्हे वार्ताहर लगेच कामाला लागला. तो झूमकडे गेला. झूम म्हणाला, "हो, चाकूचं विचारत होता. करवतीचा घे म्हटलं मी!" मग ग्रंथपालांकडे गेला. ते म्हणाले, "पोलादाची पुस्तकं? नेलीत की!" दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाला. बातमी पक्की! आमच्या कचेरीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: 'दुसरी बाजू विचारली का?' त्या पाटीखालीच माझी खुर्ची आहे. पण मला कुणीही, काहीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. टेबलावरून कात्री गेली होती, पेपरवेट गेले होते, टाचण्यांची डबीसुद्धा गेली होती. आमच्या दोघांमध्ये दोन खुर्च्या आणि एक कचऱ्याची टोपली.

"तुमची रजा मंजूर," साहेब म्हणाले. "चार नाही, नऊ दिवस."

"चार पुरेत, साहेब."

"घ्या हो! आजपासूनच घ्या!"

"छे, शुक्रवारचं पान लावूनच जाईन."

"म्हणजे शुक्रवारी... याल?"

"येणार तर! तुम्हाला भेटल्याशिवाय कसा जाईन?"

साहेब दोन ग्लास पाणी प्यायले. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, "देवमाणूस आहे गं!"

गुरुवारी मी दुकानात पोहोचलो. कुलूपवाला आणि छत्रीवाला यांच्या मधल्या फटीत बसवल्यासारखं ते दुकान. आत साठीच्या एक बाई. चष्मा दोरीनं गळ्यात, बाहीवर लाकडाचा भुसा. चाकूंच्या मुठी त्या स्वतः बनवतात.

"काय कापणार?" बाईंनी विचारलं.

मी तक्ता उलगडला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत नीट वाचला.

"छान आहे. पण कापणार काय?"

चौदा जणांपैकी एकानंही मला हे विचारलं नव्हतं!

"लाकूड," मी अंदाज केला. "दोर. बहुतेक कांदासुद्धा."

"जंगलात कधी गेलायत?"

"बातम्यांमधून."

बाईंनी एक वाळकी फांदी पुढे केली. "तंबूची खुंटी करा. एका टोकाला अणी, दुसऱ्या टोकाला दोरासाठी खाच. खुंटी केल्याशिवाय मी पहिला चाकू कुणाला विकत नाही."

मी झूमच्या पसंतीचा चाकू उचलला. करवतीचा, होकायंत्राचा! पहिल्या घावाला करवत माझ्या बाहीत अडकली. दुसऱ्या घावाला पोकळ मूठ खुळखुळली. तिसऱ्या घावाला होकायंत्र टुणकन उडालं आणि गडगडत कपाटाखाली गेलं.

"गेली उत्तर दिशा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा चाकू माझ्या हातात ठेवला.

आधी मला तो चाकू दिसलाच नव्हता. त्याच्यात दिसण्यासारखं होतं काय? पातं जेमतेम चार-पाच बोटं. पाठ सरळ, करवत नाही, खाचा नाहीत. पण पातं आणि मूठ असे दोन तुकडे जोडलेले नव्हते. टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत पोलादाची एकच अखंड पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना अक्रोडाचं लाकूड, तीन पितळी खिळ्यांनी बसवलेलं. मी मूठ धरली, तर बोटं आपोआप जागेवर गेली. जुन्या शिक्षकांनी नाव घेऊन बोलावल्यावर पोरं बाकावर जाऊन बसतात, तशी!

"गंजेल का?" मी तक्त्यातला प्रश्न विचारला.

"गंजेल. पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं. आळशी माणसाला मी स्टेनलेस देते. तुम्ही आळशी आहात?"

"मुळीच नाही!"

मी फांदीवर पातं टेकवलं आणि पुढे ढकललं. लाकडाची पातळ, लांबच लांब साल गोल वळत वर आली आणि अलगद खाली पडली. मी थक्क! वीस वर्षं मी इतरांचा मजकूर कापत आलो. पण कापल्यावर काही तयार होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अर्ध्या तासानं खुंटी झाली. बाईंनी ती डोळ्यांसमोर धरली, मग माझ्या हातांकडे पाहिलं.

"खुंटी वाकडी आहे. पण बोटं दहा आहेत. न्या चाकू!"

शुक्रवारी बाराला पान सोडलं आणि मी थेट साहेबांच्या खोलीत शिरलो. ज्यांनी मागितल्याच्या दुपटीहून जास्त रजा दिली, त्यांना चाकू दाखवायचा नाही तर कुणाला?

"साहेब, जाण्याआधी म्हटलं, तुम्हाला..." आणि मी तो म्यानातून काढला. खरंच, अजिबात आवाज झाला नाही!

आवाज साहेबांनी केला. एकसष्टाव्या वर्षी, गुडघेदुखी विसरून, ते खुर्चीवर उभे राहिले. खुर्चीला चाकं होती. साहेब उभ्यानं खिडकीपर्यंत घरंगळत गेले आणि पडदा धरून ओरडले, "नऊ नाही, पंधरा दिवस घ्या!"

दार धाडकन उघडलं. गुन्हे वार्ताहर छत्री घेऊन, ग्रंथपाल शब्दकोश घेऊन, आणि झूम कॅमेरा घेऊन. झूम तेवढ्यात फोटोही काढत होता!

"चाकू खाली ठेव! पोलिसांना फोन करतोय मी!" वार्ताहर गरजला.

"कशावर ठेवू? टेबलाला ओरखडा येईल!"

मग सगळा उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली. म्हातारबुवा म्हणजे सासरे, हाड म्हणजे स्वयंपाकातलं, शनिवार म्हणजे तंबू. हळूहळू सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. साहेब खुर्चीवरून उतरले. त्यांची नजर वार्ताहराच्या हातातल्या कागदावर गेली.

"ते काय आहे?"

"काही नाही साहेब. तयारी असलेली बरी, म्हणून..."

ती बातमी होती. साहेबांच्या निधनाची! साहेबांनी ती उभ्या उभ्या वाचली. चेहरा लालबुंद झाला.

"दोनच परिच्छेद? तेहतीस वर्षं दिली मी या पेपराला!"

"खाली पंख्यांची जाहिरात आहे, साहेब. जागा नव्हती."

मी चाकू टेबलावर ठेवला, सवयीनं कागद हातात घेतला आणि तीन चुका दुरुस्त केल्या. साहेबांचं वय दोन वर्षांनी जास्त पडलं होतं, चाकूची लांबी दुप्पट लिहिली होती, आणि आरोपीची बाजू घेतलेलीच नव्हती.

"रजा रद्द!" साहेब कडाडले. "सगळी! चालते व्हा आपापल्या जागी!"

बायको घरी पिशव्या भरत होती. ताईला शब्द देऊन बसली होती. मी चाकू पुसायचं फडकं खिशात शोधत तसाच उभा राहिलो. इकडे साहेबांनी टेबलावरचा चाकू उचलला होता. रागानंच उचलला असावा. त्यांनी आपली निळी पेन्सिल घेतली आणि पातं लावलं. लाकडाचा वळसा अलगद टेबलावर पडला. साहेबांनी चष्मा पुसला. दुसरी पेन्सिल घेतली. मग तिसरी. पेन्सिलींचा पेला रिकामा होईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही.

"कुठे मिळतो हा?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम मऊ.

"पत्ता देतो साहेब. पण आधी खुंटी करावी लागते."

"हं." त्यांनी पातं पुसून चाकू मला परत दिला. "चार दिवस. बुधवारी बाराला पान हवं."

शनिवारी संध्याकाळी झाडांमध्ये तंबू उभे राहिले आणि सासऱ्यांनी हात पुढे केला. मी चाकू दिला. बायकोनं माझी बाही घट्ट धरली. पलीकडे साडू माझ्या वाट्याची राख वेगळी काढून आशेनं बघत होते. सासऱ्यांनी म्यान उलटं धरून हलवलं; चाकू पडला नाही. एक डोळा मिटून धार पाहिली. पाठीवरून नख फिरवलं. मिनिट झालं. दुसरंही झालं.

"कुणी निवडला?"

"मीच," मी म्हणालो. आणि मग राहवेना. "म्हणजे चौदा जणांना विचारून चुकीचाच घेणार होतो. दुकानातल्या बाईंनी खुंटी करायला लावली, तेव्हा समजलं."

"चौदा जणांना विचारलंत! मला का नाही विचारलंत? मी फक्त मुलीला विचारू नका म्हटलं होतं."

"सुचलं नाही," मी म्हणालो.

सासरे हसले. बारा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं!

"लाकूड!" त्यांनी निकाल दिला. बायकोनं ताईकडे असा कटाक्ष टाकला, की ताईच दोन पातेली घेऊन साडूंच्या मदतीला गेली. मी धन्य झालो. आणि मग सासऱ्यांनी आपला तीस वर्षांचा जुना चाकू कमरेवरून सोडून पिशवीत ठेवला आणि त्या जागी माझा लटकवला.

"जरा बघतो," ते म्हणाले.

चारही दिवस बघत होते. मी लाकडं गुडघ्यावर मोडली. "बाबांनी आजवर दुसऱ्या कुणाची वस्तू कमरेला लावलेली नाही," बायको कानात म्हणाली. "केवढा मान मिळाला तुला!" मंगळवारी निघताना मी त्यांच्या कमरेकडे बघून दोनदा खाकरलो.

"याला रोज तेल लावावं लागतं," सासरे प्रेमानं म्हणाले. "तुम्हाला पेपरातून सवड कुठली? ठेवतो माझ्याकडे. तुमची एक काळजी मिटली."

मी मान डोलावली. जावयाची एखादी गोष्ट सासऱ्यांना आवडली, याहून मोठं सुख कुठलं? आणि चाकू खरंच फार चांगला होता.