पाहुणी होण्याची तालीम

दुसऱ्या शाळेतली एक मुलगी महिनाभर आपल्या खोलीत राहणार आणि आपण तिच्या, हे ठरत आल्यापासून तंद्रीचे पाय जमिनीवर नव्हते. तसे ते एरवीही क्वचितच असायचे, म्हणून तर घरात तिला हे नाव पडलं होतं. देश आपलाच, पण त्या मुलीचं गाव पार दुसऱ्या टोकाला, नदीकाठी. दात घासता घासता ती त्या न पाहिलेल्या घराचा जिना चढायची आणि तोंडातला फेस फ्रॉकवर ओघळायचा.

आईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. वर्गाच्या बाईंनी बजावलं होतं, की रविवारी त्या घरच्या काकू, म्हणजे त्या मुलीची आई, फोन करतील, मुलीशी बोलतील आणि त्यांना पसंत पडली तरच जाणं पक्कं.

"ही तिथे नळ सोडून स्वप्नं बघत बसणार," आई म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी परत पाठवतील."

"पाहुण्यांचं माझ्यावर सोपव," बाबा म्हणाले. "जन्म गेला माझा त्यात."

ते खरंच होतं. बाबा एका लॉजच्या काउंटरवर बसत. पण त्यांनी जन्मभर पाहिलेला पाहुणा हा भाडं भरणारा होता, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

त्याच संध्याकाळी तालीम सुरू झाली. तंद्रीला तिच्याच खोलीची किल्ली देण्यात आली. बाबांनी शिकवलं, की गैरसोय झाली तर मनात ठेवायची नाही, लगेच सांगायची. टॉवेल बदलून हवा असेल तर जमिनीवर टाकायचा. खोली स्वतः आवरायची नाही, आवरणाऱ्याचा गोंधळ होतो. तंद्रीला हे शिक्षण फारच मानवलं. किल्ली बोटात फिरवत ती मनातल्या नदीकाठी हिंडायची आणि मागे ओले टॉवेल पडत जायचे. ते उचलून उचलून आईची कंबर धरली.

"तुम्ही पोरीला पाहुणी करताय की गिऱ्हाईक?"

"दोन्हींत फरक काय?" बाबांनी अगदी निरागसपणे विचारलं.

रविवारी फोन आला. आईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. काकूंचा आवाज मऊ होता. त्यांनी अभ्यासाचं विचारलं, आवडीनिवडी विचारल्या, मग तुला काही विचारायचंय का म्हणाल्या. तंद्री तेव्हा त्यांच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर होती. तालमीत घोटलेलं तेवढं तोंडातून बाहेर पडलं.

"गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं? आणि खोली समोरच्या बाजूचीच मिळेल ना?"

बाबांनी कौतुकाने मान डोलावली. आईने कपाळावर हात मारला. त्या आवाजाने तंद्री भानावर आली आणि तिला रडूच फुटलं.

"चुकलं माझं, काकू. विसरते मी खूप, पण चादरीची घडी घालता येते मला. मला खरंच यायचंय हो तुमच्याकडे."

"अगं, रडतेस काय?" काकू म्हणाल्या. "आमची केव्हाची विचारतेय, तुमच्याकडे पहाटे कितीला उठून कामाला लागायचं. तुम्ही परत पाठवाल म्हणून रोज घरातली भांडी घासतेय ती."

आईला हसू आवरेना. तिला म्हणावं नुसती ये, असं तिने कळवलं. तुमचीही पाठवा, काकू म्हणाल्या आणि जाणं पक्कं झालं. मग ती मुलगी स्वतः फोनवर आली.

"तुझ्या खिडकीतून काय दिसतं?"

तंद्रीला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती फोन घेऊन खोलीत गेली. समोर एक गच्ची होती. दोरीवर कोणाच्या तरी चादरी, टाकीच्या सावलीत निजलेलं मांजर. वाऱ्याने चादरी फुगल्या की गच्ची हळूच कुठेतरी निघाल्यासारखी वाटायची. ती सांगत राहिली आणि पलीकडची ऐकत राहिली.

त्यानंतर बॅग भरायला घेतली की तंद्री खिडकीत. निघायच्या आदल्या दिवशी आईच भरायला बसली.

"जायचंय ना तुला?"

"जायचंय. पण ती इथे पोचेपर्यंत थांबले तर चालेल? मांजर तिला सापडणार नाही."

आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात समोरच्या चादरी फुगल्या, आणि हातातली घडी तशीच धरून तीही बघत राहिली.