कर्नल नाही म्हणतो तेव्हा

स्वतः लिहिलेला नवा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, त्याने घरच्या संगणकावर टाकला तो नेमका चुकीच्या दिवशी. मेहुणीच्या होणाऱ्या सासरची माणसं संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा भेटणार होती आणि दिवाणखान्यातला मोठा पडदा त्याच संगणकाला जोडलेला होता.

पण त्याला धीर कुठला? पडद्यावरच्या चित्रासाठी लागणारी मेमरी ग्राफिक्स ड्रायव्हर कर्नलकडून, म्हणजे संगणकाच्या पोटातल्या कारभाऱ्याकडून, मागून घेतो. जुना कोड भिडस्त होता. मोठा तुकडा मिळेना तर लहान तुकडे जोडायचा, तेही मिळेनात तर अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला काढायचा. आपल्या कथानायकाने ही गुंतागुंत एका दुपारी झाडून टाकली आणि एकच ओळ ठेवली: मोठा तुकडा दे. ऑफिसात साहेबांनी पाठ थोपटली. ओळी कमी झाल्याचं कौतुक करायला त्या वाचाव्या लागत नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने तेवढं विचारलं, "आणि कर्नल नाही म्हणाला तर?"

"आजवर कधी म्हणालाय का?"

कर्नलचा नकार कधी जाणवला नव्हता तो जुन्या कोडच्या पुण्याईने, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. हुशार माणसांच्या ध्यानात साध्या गोष्टी जरा उशिराच येतात.

संध्याकाळी कॉल झकास सुरू झाला. मुलाचे वडील स्वतःच्या नोकरीबद्दल बोलले, मग स्वतःच्या गुडघ्याबद्दल, मग नोकरीने गुडघ्यावर केलेल्या परिणामांबद्दल. मुलगा माना डोलवत होता. इकडे त्याचे सासरे जांभया गिळत होते. सासूबाई जावयाच्या कानाशी कुजबुजल्या, की मुलगा नीट दिसत नाही, जरा मोठा करा. जावयाने चित्र पडदाभर केलं. मोठ्या चित्राला मोठा तुकडा हवा आणि सकाळपासून चालू असलेल्या संगणकात उरला होता नुसता चुरा. कर्नल नाही म्हणाला.

मुलाचे वडील तोंडाचा चंबू करून जागच्या जागी थिजले. आवाज पडद्याच्याच स्पीकरमधून येत होता, तोही गेला.

काय झालं, असं बायकोने विचारलं. खरं काय ते त्याला तत्क्षणी कळलं होतं, पण सासऱ्यांदेखत ते कोण कबूल करणार?

"लाइन तुटली," त्याने तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं. "आता त्यांना आपलं काही दिसत नाही, ऐकू येत नाही."

सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडून पाय पसरले. मुलगा सोन्यासारखा आहे, पण बाप म्हणजे बंद न होणारा नळ, असं त्यांचं मत पडलं. त्या माउलीने इतकी वर्षं कशी काढली असतील, असंही ते म्हणाले. मेहुणीने तर उठून होणाऱ्या सासऱ्यांची नक्कलच केली, गुडघा धरून, चंबूसकट. सगळे पोट धरधरून हसले. जावई सगळ्यांत मोठ्याने हसला, कारण तेवढा वेळ त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिने स्पीकर लावून फोन मध्ये धरला. मुलाची आई बोलत होती.

"आम्हाला तुम्ही दिसताय. ऐकूही येताय. मघापासून."

कॅमेरा आणि माइक बिचारे आपलं काम चोख करत होते. सासऱ्यांनी पाय हळूच आवरले, मेहुणीने गुडघा सोडला आणि चौघांच्याही नजरा जावयाकडे वळल्या. लपायला जागा उरली नाही.

"लाइन तुटली नव्हती," तो चाचरत म्हणाला. "मीच आमच्या ड्रायव्हरमधला कोड काढून टाकलाय. त्यामुळे इकडे तुमचं चित्र थांबलं आणि आवाज बंद पडला."

सासरे घाईघाईने माफी मागू लागले, की आपण बोललो ते मनावर घेऊ नका. मुलाच्या आईने त्यांना थांबवलं. त्या म्हणाल्या, हेच आपण एकट्याच सांगत आलो, पण घरात कुणाला पटत नव्हतं. आज परक्या माणसाने तोंडावर सांगितलं, तेव्हा कुठे हे गप्प बसलेत. आणि नक्कल इतकी हुबेहूब होती, की मुलगी पसंत आहे.

"जावईबापू, एक विचारू का?" त्यांनी आवाज खाली आणला. "ह्यांचं चित्र थांबतं आणि आवाज बंद होतो म्हणालात ना, ते आमच्याकडे बसवता येईल का? पण पडद्यावर नको."

त्याच्या कामाला कुणी आपणहून मागणी घालावी, असं आजवर कधी घडलं नव्हतं. जुना कोड परत टाकायला कीबोर्डकडे गेलेला हात त्याने क्षणभर मागे घेतला.