आत कोण आहे?

थंडी पडली की सोनावणेकाका आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक गाडीचं बॉनेट वाजवतात. तीन थापा, मग वाकून अदबीने प्रश्न: "आत कोण आहे? उठा, निघायचंय गाडीला." माझ्या बॉनेटला त्यांच्या हाताचा खळगा पडलाय. तक्रार केली तर म्हणाले, "पत्रा ठोकून सरळ होतो रे. जीव होतो का?"

काका बस डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक, तळमजल्यावर एकटेच राहतात. आंबिवलीची टेकडी आमच्या कुंपणाला लागूनच, त्यामुळे थंडीत खारी, धामणी उबेला गरम इंजिनापाशी येतात. काका सोसायटीच्या सेक्रेटरीला अरे-तुरे करतात, पण धामणीला अहो-जाहो.

गेल्या वर्षी सकाळी माझ्याच गाडीखालून एक धामण निघाली. गारठ्याने इतकी आखडली होती की तिला धड सरपटता येईना. वॉचमन काठी घेऊन धावला. काका मध्ये उभे राहिले.

"बिनविषारी आहेत त्या. ऊन अंगावर येऊ दे, आपल्या पायांनी जातील."

धामणीला पाय नसतात हे सांगायची हिंमत कोणाला झाली नाही.

"त्यांना स्वतःची ऊब नसते रे," काका मला म्हणाले. "बाहेरून मिळेल तेवढीच."

तासभर सगळ्या गाड्या अडकल्या. मी मनातल्या मनात काकांना नको नको ते बोललो. ऊन आल्यावर ती सावकाश गवतात गेली, आणि काका चहा प्यायला.

या जानेवारीत एका सकाळी थापा ऐकू आल्या नाहीत. 'सुटलो' म्हणत मी गाडीत बसलो, पण किल्ली फिरवायला हात धजेना. उतरलो आणि काकांचं दार तीनदा वाजवलं. काय हाक मारावी सुचेना. तोंडून निघालं, "आत कोण आहे?"

बऱ्याच वेळाने आवाज आला, "आहे, आहे."

दार उघडलं तेव्हा काका तापाने फणफणले होते, अंगावर दोन चादरी. मी चिडलो. "फोन करायचा ना काका! कोणाला कळलं असतं?"

ते कॉटवर बसले. भिंतीवर काकूंचा फोटो होता.

"तिला मी उठवलं नव्हतं रे," ते म्हणाले. "अशीच थंडी होती. पहाटेची ड्युटी. म्हटलं, झोपलीय तर झोपू दे, आणि तसाच निघालो. आल्यावर बघतो तर... एक हाक मारायला पाहिजे होती."

इतकी वर्षं मी या माणसाला वैतागत होतो. मला माझीच लाज वाटली. डॉक्टरांना फोन केला, चहा टाकला.

कप हातात घेत काका म्हणाले, "गाडी वाजवलीस का?"

"नाही."

"मग आधी जा."

मी बाहेर गाडीपाशी आलो. सेक्रेटरी बघत होते, बघू दे म्हटलं. बॉनेटवर तीन थापा मारल्या, वाकलो आणि म्हणालो, "आत कोण आहे? उठा, निघायचंय गाडीला."

आत कोणी नव्हतं. तरी मी पाच मिनिटं थांबलो.