मांडीवरची लाट

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही आपल्या मांडीवर एक चापट मारली. तिथे टेंगळासारखा उंचवटा उठला आणि तळ्यातल्या लाटेसारखा गुडघ्याकडे पळत गेला. तुम्ही काय कराल? दवाखान्यात जाल. सोलापूरच्या संस्कृतीच्या घरी मात्र पेढे वाटले.

"घराण्याची खूण हाय ही!" माळशिरसहून आलेले कुंडलिक आबा दहा वर्षांच्या नातीची मांडी शेजाऱ्यांना दाखवत होते. "माज्या बापानं शड्डू ठोकला की अशीच लाट उठायची. माजी बी उठती. पैलवानाचं रगात हाय त्ये!"

"तुमचं कुटलं, व्याही?" संस्कृतीच्या आईची आई बजाबाई पेढा गिळत म्हणाली. "माज्या भावाची लाट बगायला गाव गोळा व्हायचं. आमचंच रगात."

रगात कुणाचंही असो, पोरीला तालमीत घालायचं यावर दोघांचं एकमत झालं. तिथे संस्कृतीने शड्डू ठोकला की पोरं टाळ्या वाजवायची. कुस्ती सुरू झाली की तिचे पाय लाकडासारखे आखडायचे.

"आबा, पाय लई दुखतात."

"नाटकं करू नगंस."

जेवून उठताना आबाही भिंतीचा आधार घेत, पाय सोडवत उभे राहायचे. पण आबांचं ते वय होतं आणि संस्कृतीचं ते नाटक!

एके दिवशी ती जिन्यावरून कोसळली आणि उठेचना. मग कुठे डॉक्टर सिद्धेश्वरींकडे तिची तपासणी झाली. महिन्याभराने अहवाल आला त्या दिवशी बाबा कुर्डुवाडीला रेल्वेत ड्युटीवर आणि आई परीक्षेच्या ड्युटीवर, म्हणून आबा आणि बजाबाई, दोन्ही घराणी, संस्कृतीला घेऊन एकाच रिक्षातून दवाखान्यात पोचली.

"आजी, लुगड्याला निऱ्या कशाला घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता गं बया! पाय टाकायला नगं व्हय?"

"तसंच आहे. स्नायूच्या पेशीभोवती पातळ पडदा असतो. एक प्रथिन त्याला बारीक बारीक खळगे पाडतं. स्नायू ताणला की खळगे उलगडतात आणि पडद्याला सैलपणा मिळतो. हिचं ते प्रथिन जन्मापासूनच बिघडलेलं आहे. खळगे नाहीत, म्हणून पडदा तंग आणि चिडका. चापट बसली की स्नायू आपणहून आखडतो आणि लाट पळते. ही ताकद नाही, दुखणं आहे. काळजी घेतली की त्रास आटोक्यात राहील, पण कुस्ती बंद. आणि हे घराण्यातून उतरतं बरं का. ज्याला असेल त्याचं हृदयही तपासून घ्यायला हवं. कुणाकडून आलंय?"

पेढे खाल्लेल्या दोन्ही घराण्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"आमच्यात न्हाई बा," आबा छताकडे बघत म्हणाले. "विहीणबाईंच्या भावाला हुती. गाव गोळा व्हायचं म्हनं."

"माज्या भावाला? त्यो तर शिंपी हुता की! कापडं शिवून घ्यायला गोळा व्हायचं गाव."

"आबा, तुमीच म्हणाला होता, तुमची पण उठते," संस्कृती म्हणाली.

"मानूस आनंदात काय बी बोलतंय. चला, रिक्षा थांबलीया." आबा उठले. टेबलाची कड धरून, एकेक पाय सोडवत, दात आवळत उठले.

संस्कृतीने ते पाहिलं. डॉक्टरांचं हृदयाबद्दलचं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आबा एकदा नाही म्हणाले की कुणाच्या बापाचं ऐकत नसत, हे तिला ठाऊक होतं. आजीनेही डोळ्यांनीच खुणावलं, जाऊ दे.

संस्कृती लंगडत दारात जाऊन उभी राहिली. आबांच्या डोळ्याला डोळा भिडवून तिने खणखणीत शड्डू ठोकला.

समोरच्याने शड्डू ठोकला आणि आपण गप्प राहिलो, असं आबांच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. धोतर सरकलं, हात आपसूक वर गेला आणि दणका मांडीवर बसला. उंचवटा उठला. लाट डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत गुडघ्यापर्यंत पळाली.

आबा मांडीकडे बघतच राहिले. बजाबाईने पदर तोंडात कोंबला. संस्कृतीने तपासायच्या पलंगाजवळची पायरी पुढे ओढली आणि आपला खांदा आबांपुढे केला.

"धरा, आबा. आणि पाय हळू टाका, आपले आखडतात."