झाकलेल्या ताटाचा रकाना

आमच्या घरी संध्याकाळी कुणी आलं की आधी पाणी मागायचं. इंगळेसाहेब आले की सरळ स्वयंपाकघरात जायचे आणि ओट्यावरच्या ताटावरचं झाकण उचलून बघायचे.

"सुधाकररावांचं?"

"हो. त्यांना आज ऑफिसात उशीर आहे."

"पोळ्या किती?"

"चार."

"भाजी गार झालीये. पण ठेवलीये, हे महत्त्वाचं. नोंद घेतली."

मग झाकण होतं तसं ठेवून, मिशीवरून हात फिरवत खुर्चीत येऊन बसायचे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, माणूस भुकेला असेल. मी लगबगीनं पान वाढायला घेतलं, तर उखडलेच. "वहिनी, मी ड्यूटीवर आहे!"

आता माझ्या नवऱ्याची गार भाजी बघण्यात कसली आलीये ड्यूटी? पण होती.

बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत ते भिंतीला भिंत लागून राहायचे. गच्च्यांवर डिश अँटेनाच्या छत्र्या नव्यानंच उगवल्या होत्या आणि जवळच्या सावली गावाकडे दर महिन्याला एखादा नवा कारखाना निघत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्यांचे आजोबा बडोदे सरकारच्या घोडदळात. घोडा गेला, पाठीचा कणा मात्र खानदानात ताठ राहिला. इंगळेसाहेब स्कूटरवरसुद्धा परेडला निघाल्यासारखे बसायचे. कोर्टात ते प्रोबेशन ऑफिसर होते. म्हणजे काय, हे सोसायटीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण त्यांचे रिपोर्ट मी टाइप करायची.

काम असं. पहिल्यांदाच काही गुन्हा केलेला माणूस कोर्टापुढे आला, गुन्हा शाबीतही झाला, की त्याला तुरुंगात धाडायचं की सरळ वागायच्या बोलीवर घरी सोडायचं, हे ठरवण्याआधी मॅजिस्ट्रेट इंगळेसाहेबांना विचारायचे. इंगळेसाहेब त्याच्या घरी जाऊन चौकशी करायचे आणि रिपोर्ट द्यायचे. "पोलीस बघतात काय केलं ते. वकील बघतात काय सांगायचं ते. माणूस कसा आहे ते कुणीतरी बघायला पाहिजे ने?" असं त्यांचं म्हणणं, गुजराती 'ने' जोडून.

रिपोर्ट गुजरातीत असायचा, वैताग मराठीत. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागायचं नाही, आणि माझ्याकडे गुजराती टाइपरायटर होता. ऑफिसात कॉम्प्युटर आला होता, पण "ते यंत्र माझ्याआधीच वाक्य संपवायला बघतं," म्हणून त्यांनी त्याला हात लावला नाही. रिपोर्ट खासगी असल्यामुळे टाइपिंग चालू असताना माझ्या नवऱ्याला गॅलरीत बसावं लागे.

"अहो, माझ्याच घरात मला हद्दपारी?" नवरा करवादायचा.

"तात्पुरती आहे, सुधाकरराव. वर्तणूक पाहून कमी करू."

सरकारी फॉर्मात आरोपीचं वय, शिक्षण, शेजाऱ्यांचं मत वगैरे रकाने होते. त्याखाली इंगळेसाहेबांनी पट्टीनं रेघा मारून एक ज्यादा रकाना स्वतः घातला होता. 'आरोपीस घरी येण्यास उशीर झाल्यास जेवण झाकून कोण ठेवते?' बस्स. बाकीचा फॉर्म म्हणजे त्यांच्या लेखी रांगोळी. आई, बायको, बहीण, कुणीही असो, झाकून ठेवणारं माणूस असेल तर आरोपी सुधारतो. चौकशीला ते मुद्दाम ऐन जेवणाच्या वेळी जायचे आणि झाकणं उचलायचे. बार रूममधले वकील त्यांना 'फूड इन्स्पेक्टर' म्हणायचे. जुने मॅजिस्ट्रेट मात्र फाईल हातात आली की म्हणायचे, "आधी इंगळ्यांचं ताट काढा."

हे कोर्टात ठीक होतं हो. पण माणूस चोवीस तास प्रोबेशन ऑफिसर! एकदा मांजरीनं आमचं दूध सांडलं. नवरा झाडू घेऊन तिच्या मागे, तर हे मध्ये उभे.

"पहिलाच गुन्हा ने?"

"सातवा!"

"परिस्थिती पाहता," इंगळेसाहेब म्हणाले, "दूध उघडं ठेवणाऱ्याचीही चौकशी व्हायला हवी."

म्हणजे माझी! मी आठवडाभर त्यांना चहा दिला नाही. आठव्या दिवशी दिला, तर एक घोट घेऊन म्हणतात, "परिस्थिती पाहता, या चहाला एक संधी द्यायला हरकत नाही."

अलकापुरीतली गंमत तर विचारूच नका. एका दुकानाच्या मॅनेजरबाई कसल्याशा अफरातफरीत सापडल्या होत्या. त्यांच्या चौकशीला हे निघाले आणि एक गल्ली चुकून भलत्याच बंगल्यात शिरले. त्या घरी नेमकं त्याच दुपारी मुलीला बघायला मुलाचे काका यायचे होते. ताठ मिशीचे, काखेत फाईल घेतलेले गृहस्थ बघून घरच्यांनी "आवो, आवो" करत त्यांना सोफ्यावर बसवलं. खमण आलं, श्रीखंड आलं. यांनी फाईल उघडली. मुलगी रात्री किती वाजता घरी येते? शेजाऱ्यांशी भांडते का? यापूर्वी काही प्रकरण? मुलीची आई रडकुंडीला आली. शेवटी यांनी स्वयंपाकघरात जाऊन झाकण उचललं, खूश झाले आणि मुलीच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चिंता करू नका. मुलगी चांगली आहे. संधी द्यायची माझी तयारी आहे. फक्त वर्षभर माझ्या देखरेखीखाली राहावं लागेल."

तिथून ते चपला हातात घेऊन निघाले, असं ऐकते. ते स्वतः सांगतात, "घर उत्तम होतं. फक्त गुन्हा नव्हता."

असा हा माणूस सावलीच्या मगनभाईपुढे मात्र अडला.

मगनभाई पन्नाशीचा, एका नव्या कारखान्यात वॉचमन. ऐन मे महिन्यात कारखान्याचा टेबलफॅन उचलून तो घरी निघाला. फाटकावर वॉचमन तोच. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करायची, हा नियम. म्हणून त्यानं इमानदारीत नोंद केली, 'पंखो एक. लई जनार मगन.' म्हणजे नेणारा मगन. खाली सही. पोलिसांना पुरावा शोधावा लागला नाही. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. विचारलं, का नेला? तर म्हणाला, "गरमी हती, साहेब."

मॅजिस्ट्रेट नवीन होते, तरुण आणि कडक. कारखान्यातल्या चोऱ्या वाढल्यात, दोन-चारांना आत घातल्याशिवाय थांबायच्या नाहीत, असं त्यांचं मत. गुरुवारी शिक्षा सुनावायची होती आणि बुधवारी इंगळेसाहेबांचा रिपोर्ट हवा होता. मगनभाई आत गेला की नोकरी जाणार, खोली जाणार, आणि पन्नाशीत त्याला कोण उभं करणार?

इंगळेसाहेब तीनदा सावलीला जाऊन आले. तिन्ही वेळा जेवणवेळेला. खोलीला कुलूप आणि खिडकीतून दिसणारी चूल गार. बायको कधी केलीच नव्हती, आईबाप गेलेले. घरमालकाला विचारलं, तो म्हणाला, आम्ही कशाला झाकून ठेवू? शेवटी चहाच्या टपरीवरच्या कुत्र्यापाशी पोचले.

"ते तरी मगनची वाट बघतं?" मी विचारलं.

"बिस्किटवाल्याची बघतं, वहिनी. मगनकडे ढुंकून बघत नाही."

बुधवारी संध्याकाळी ते माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांची मिशीसुद्धा उतरली होती. नवरा न सांगता गॅलरीत गेला. सगळे रकाने झाले आणि शेवटच्यापाशी गाडी थांबली.

मी म्हटलं, "लिहा ना, शेजारी ठेवतात. कोण बघायला जातंय?"

"खोटं?" ते ताडकन उभे राहिले. "बावीस वर्षं त्या रकान्यात मी एक अक्षर खोटं घातलेलं नाही!"

"मग रकानाच गाळा! सरकारनं थोडाच घातलाय? तुम्हीच मारल्यात ना रेघा?"

"म्हणूनच गाळता येत नाही."

काय म्हणावं या माणसाला! मला असा राग आला. तिकडे पंख्यापायी एक माणूस तुरुंगात चाललाय आणि इकडे यांचं ताट! ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाजूला त्यांच्या घराचं दार दिसत होतं. कुलूप होतं. माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी टाइप करत गेले.

'आरोपीसाठी जेवण झाकून ठेवणारे कोणीही नाही. तथापि, अशा स्थितीत माणूस एकोणीस वर्षे सरळ राहू शकतो, असे एक उदाहरण खाली सही करणाराच्या व्यक्तिगत माहितीत आहे. सबब आरोपीस संधी मिळावी.'

माझी बोटं थांबली. सुमनवहिनींना, म्हणजे इंगळेसाहेबांच्या बायकोला, जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. आम्हाला काय ठाऊक नव्हतं का? पण इतका बोलका माणूस, रोज आमच्यात असणारा. तो घरी जाऊन कशावरचं झाकण उचलतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"'तथापि'नंतर स्वल्पविराम दिलात ने?" त्यांनी विचारलं.

"दिला," मी म्हटलं आणि पदरानं डोळे पुसले.

गुरुवारी मॅजिस्ट्रेटनी तो रकाना दोनदा वाचला म्हणे. मान वर करून इंगळेसाहेबांकडे बघितलं आणि काही न विचारता मगनभाईला सोडलं. एक वर्ष सरळ वागायचं आणि महिन्यातून एकदा प्रोबेशन ऑफिसरपुढे हजर व्हायचं, एवढ्यावर.

त्यानंतर मी रोज त्यांच्यासाठी आमच्याकडे पान मांडायला लागले. ते "ड्यूटीवर आहे" म्हणत राहिले आणि जेवत राहिले. पुढे पावसाळा सरता सरता एका रविवारी मात्र आलेच नाहीत. साडेसात झाले, आठ झाले. मी आमटीची वाटी घेऊन त्यांच्या दारात गेले. दार उघडं होतं. इंगळेसाहेब खुर्ची ओढून रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

"आज जेवायला नाही आलात?"

"जरा थांबलोय. सावलीची बस चुकली वाटतं त्याची."

"पण मगनभाईला महिन्यातून एकदाच हजर व्हायचंय ना? मागच्या रविवारी तर आला होता."

मी वाटी ठेवायला आत गेले. ओट्यावर एक ताट होतं, वर झाकण. मी ते उचललं. चार पोळ्या होत्या, जाड्याभरड्या, एकीचाही आकार दुसरीशी जुळत नव्हता. शेजारी बटाट्याची भाजी, पार गार झालेली.

मागून इंगळेसाहेबांचा आवाज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो ओशाळलेला ऐकला.

"वहिनी, हे नियमात बसत नाही. नोंद घेऊ नका."