पाहुण्यांसाठी आवरलेलं रान

जावईबापूंना त्या सकाळी कशाचीच चिंता नव्हती. खोऱ्यातल्या लसणाला भौगोलिक मानांकन मिळावं म्हणून सर्वांत जास्त खपले होते तेच. ते मिळालंही, आणि आता केवळ त्यांच्याच शेताची तपासणी उरली होती. ती पार पडली की पोत्यावर खोऱ्याचं नाव छापता येणार. नाही तर ज्याने साऱ्यांना नाव मिळवून दिलं, त्याचाच लसूण बिननावाच्या पोत्यांतून जाणार.

"माझा बांध पाहिला की तपासनीसबाई उभ्या उभ्या सही करतील," हे त्यांनी चहा होईपर्यंत बायकोला पुन्हा पुन्हा ऐकवलं.

अटच तशी होती. बांधावरचं रान राखायचं. पिकावरची कीड खाणारे किडे त्यातच नांदतात. कित्येक हंगाम त्या बांधाला जावईबापूंनी विळा लागू दिला नव्हता. गुडघाभर गवत, त्यात पिवळी-जांभळी फुलं, आणि फुलांवर गुणगुणत रेंगाळलेली एक अखंड दुपार.

कप घेऊन ते शेताकडे गेले आणि चहा निवेपर्यंत तिथेच उभे राहिले. नुकत्याच न्हाव्यासमोरून उठलेल्या डोक्यासारखा बांध लख्ख दिसत होता.

"काल तुम्ही बैठकीला गेलात ना, तेव्हाच उरकलं," मागून सासूबाई म्हणाल्या. "परकं माणूस येणार आणि शेत हे असं पिंजारलेलं. घरात बाईमाणूस नाही, असंच वाटायचं त्यांना."

"आई, त्या रान बघायलाच येणार आहेत."

"लोकांच्या घरी जाऊन कचरा बघायचा? ही कुठली रीत?"

वाद घालायला वेळ नव्हता. उपाय बायकोला सुचला. ओढ्यापलीकडे तिच्या काकांचा बांध तसाच माजलेला होता. मानांकनाची हद्द ओढ्यापाशीच संपली, म्हणून काका जावईबापूंवर रुसून होते. पण आज ते बाजाराला गेले होते. नवरा-बायकोने पाट्या भरभरून रान मुळांसकट आणलं. सासूबाईंना वाईट वाटलं होतंच. त्यांनी ते एकटीने, मन लावून लावलं.

तपासनीसबाई आल्या. बांधापाशी थांबल्या. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"हे रान रांगेत कसं उगवलंय?"



"आमच्याकडे सगळं शिस्तीत असतं," सासूबाई म्हणाल्या. "पाणीसुद्धा घातलंय."

तेवढ्यात ओढा ओलांडून काका आले. बाजारातून परतताना त्यांनी आपला बोडका बांध पाहिला होता.

"माझा लसूण हद्दीबाहेरचा," ते पुतणीला म्हणाले, "आणि माझं गवत बरं चालतं गं तुम्हाला?"

"म्हणजे लसूण इथला आणि रान बाहेरगावचं," तपासनीसबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी मान खाली घातली. "बाई, आईंना दोष देऊ नका. मीच त्यांना आवरायला सांगितलं होतं."

"खोटं बोलू नका हो," सासूबाई कडाडल्या. "मी माझ्या मनाने कापलं. पण जाळलं नाही. जावईबापूंना धूर आवडत नाही, म्हणून सगळं लसणाच्या ओळींत पसरून ठेवलं."

तपासनीसबाईंनी वाकून ते आच्छादन उचललं. खाली माती ओली होती आणि तिच्यात गांडुळं वळवळत होती. मग त्यांनी बांध बोटांनी चाचपला. कापलेल्या गवताची मुळं शाबूत होती.

"फुटेल पुन्हा," त्या म्हणाल्या. "या हंगामापुरतं नाव देते. काकांचं गवत आधी त्यांना परत लावून द्या. आणि पुढच्या वेळी मी न कळवता येईन."

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. काका, अजून रुसलेलेच, चहाला थांबले.

सासूबाई मात्र तपासनीसबाई वळणाआड जाईपर्यंत तिकडेच पाहत होत्या.

"न कळवता येणार म्हणे," विळ्याची धार अंगठ्याने तपासत त्या लेकीला म्हणाल्या. "म्हणजे आता रोजच आवरून ठेवायला हवं."